तुमचं एकच काम आहे का?

मध्यंतरी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलेल्या एका व्हिडिओत कुणी पैसे मागत नाही, कुणी शिवी देत नाही. म्हणूनच बहुतेकांनी तो पाहिला आणि पुढे सरकवला. मला तो सरकवता आला नाही. सरकारी कचेरीतला खिडकीपलीकडचा माणूस समोरच्या बाईंना अगदी रोजच्या आवाजात विचारतो, ‘माझ्याकडे तुमचं एकच काम आहे का?’ आणि बाई गप्प होतात.

त्या तसं म्हणाल्याच नव्हत्या. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाचं काय झालं, एवढंच त्यांनी विचारलं होतं. न केलेल्या आरोपाला उत्तर द्यायचं आणि साध्या चौकशीलाच उद्धटपणा ठरवायचं, ही या वाक्याची करामत. हेच वाक्य आमदारांच्या पीएला कुणी ऐकवलं आहे? जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आल्यावर कुणी म्हणतं का, की सर, माझ्याकडे तुमचं एकच काम नाही? ठेकेदाराचं बिल मार्चअखेरीला अडलं तर त्याला हे सुनावतात का? व्याप खरा असेल तर तो सगळ्यांना सारखाच सांगता यायला हवा. तो फक्त अशा माणसाला सांगितला जातो, ज्याला उलट काही बोलता येत नाही.

आणि व्याप म्हणजे नेमका किती? टेबलावरचा ढीग उंच असण्यात पुष्कळांना प्रतिष्ठा वाटते. त्यांना विचारून पाहा, या ढिगात कागद किती आहेत, सर्वांत जुना कुठल्या तारखेचा आहे, तो का थांबला आहे. सांगता येत नाही. ज्याला आपल्या कामांची यादीच सांगता येत नाही, त्याला काम जास्त आहे हे कळलं कशावरून? सर्व्हर डाउन, साहेब मीटिंगला, या सबबींबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्या निदान बाईंना कमी लेखत नाहीत.

काम जास्त आहे, हे मला मान्य आहे. जागा रिकाम्या आहेत. एका तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) दोन-दोन सजे, त्यात अतिवृष्टीचे पंचनामे, ई-पीक पाहणी, मतदार याद्या. रात्री व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर नवा आदेश येतो आणि तोही तातडीचाच असतो.

पण जास्त कामाचं काय करायचं, याचं उत्तर याच राज्यात शोधलं गेलं होतं. 1980च्या दशकात अनिलकुमार लखीना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयाचं दप्तर लावून दाखवलं आणि ‘लखीना पॅटर्न’ हे नाव सरकारी कचेऱ्यांत कायमचं रुजलं. कारकुनांना कागद लावायची सहा गठ्ठा पद्धतही शिकवली जाते. निर्णयाची वाट पाहणारी प्रकरणं एका गठ्ठ्यात, दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेली दुसऱ्यात, ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रं तिसऱ्यात, स्थायी आदेश वेगळे, अभिलेख कक्षात जायचे कागद वेगळे, नष्ट करायचे वेगळे. यात बुद्धिमत्तेपेक्षा नेकी जास्त लागते, कारण गठ्ठे बांधले की काय लपवलं होतं ते उघडं पडतं. पुढे 2005चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आला. साधारणपणे कुठलीही फाइल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. तातडीची शक्यतो चार दिवसांत, तत्काळची त्याच किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निघावी. म्हणजे क्रम कसा लावायचा, तो कायद्यानंच लावून दिला आहे. आवाज कुणाचा मोठा, हा निकष त्यात कुठेही नाही.

प्रत्यक्षात तोच एक निकष चालतो. ज्याचा फोन येतो त्याचं काम आधी. निराधार योजनेत बसायला सर्वसाधारण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावं लागतं. महिन्याला 1,500 रुपये मिळावेत म्हणून ती बाई दिवसाची मजुरी बुडवून एसटीनं तालुक्याला येते. तिकीट अर्धं झालं, खाडा पूर्णच पडतो. तिच्याकडे कुणाचा नंबर नाही. म्हणून तिचा कागद तळाशी जातो आणि रोज वर पडणाऱ्या कागदांखाली राहतो. तो तिथेच ठेवायचं असं कुणी ठरवत नाही. तरीही वर्षभर तो तिथेच असतो, आणि याला मी अन्याय म्हणतो.

सरकारी माणसावरच का घसरायचं? आपल्या घरच्या याद्या काढून पाहा. साहेबांच्या मेलला रात्री अकरालाही उत्तर जातं. वडिलांच्या कानाच्या मशिनची दुरुस्ती दिवाळीपासून राहिलेली असते, कारण वडील दोनदा सांगत नाहीत.

सगळी कामं कुणाचीच पूर्ण होत नाहीत. होणारही नाहीत, त्याला इलाज नाही. पण कधी होईल, ते लिहून देता येतं. लोकसेवा हक्काचा 2015चा कायदा हेच सांगतो: अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच द्यायची आणि तीत काम किती मुदतीत होईल ते लिहायचं. मुदत चुकली की अपील करता येतं आणि कसूर ठरलेल्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. तोंडी ‘बघतो’ म्हणणारे हात पोच लिहायच्या वेळी का आखडतात, ते त्या रकमेत आहे. खिडकीतून पोच घेतल्याशिवाय हलू नका.