खोटे भूत, खरे भय

जे भय काही माणसांच्या श्रद्धेचा भाग आहे, ते इतरांच्या रंजनासाठी निर्माण करावे का, हा भयपटाच्या मुळाशी असलेला धर्मविचाराचा प्रश्न आहे. शहरातल्या बंद स्टुडिओत तो फारसा टोचत नाही. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत चित्रीकरणाला उतरलेल्या हौशी चमूपुढे मात्र तो पहिल्याच रात्री उभा राहतो. पदरमोड करून लघुपट काढणाऱ्यांना या मुलखात बरेच काही फुकट मिळते: पावसाळ्यातले धुके, पडके वाडे, देवराईतला भर दुपारचा अंधार, भाटघरच्या जलाशयाचे अथांग पाणी. एरवी वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली असलेले कांबरे गावचे कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की बाहेर येते. गाळ चढलेल्या त्या दगडांसमोर कॅमेरा लावला की कलादिग्दर्शनाचा खर्च वाचतो.

पण ही स्थळे ओसाड नाहीत. तोरण्यावर मेंगाई आहे, राजगडावर पद्मावती आहे, आणि घाटापलीकडच्या मांढरदेवच्या काळूबाईला मानणारी घरे या खोऱ्यांत आहेत. गावाच्या वेशीवरचा म्हसोबा, पाणवठ्यावरच्या साती आसरा, पिंपळावरचा मुंजा यांच्याशी माणसाचे जे नाते असते त्यात धाक आणि माया वेगळी काढता येत नाही. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा दंडक धाकानेच पाळला गेला आणि त्यामुळेच सह्याद्रीतले कितीतरी जुने वृक्ष वाचले. म्हणून या भयाला सरसकट अडाणीपणा म्हणणे चूक ठरेल. त्या भयाला एक व्यवस्था आहे आणि ती गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली आहे.

भयाचा आस्वाद घेता येतो, हे भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वी मान्य केले. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा स्वतंत्र रस आहे. त्याचा वर्ण काळा आणि देवता काल. भरत त्याचे तीन प्रकार सांगतो: कपटाने दाखवलेले भय, अपराधातून उपजलेले भय आणि प्रत्यक्ष त्रासातून आलेले भय. यातला दुसरा प्रकार कमी पैशांतल्या भयपटाला सर्वांत जवळचा आहे. रक्त, मुखवटे आणि संगणकावरची करामत यांना पैसे लागतात; अपराधाला लागत नाहीत. मराठी मातीतले दोन गाजलेले भयपट याच वाटेने गेले. ‘लपाछपी’ (2017) उसाच्या फडातल्या एका घरात स्त्रीभ्रूणहत्येचे पाप उकरून काढतो. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) हिंदीत असला तरी त्याचा वाडा, पाऊस आणि हाव अस्सल कोकणातली आहे. दोन्हींत भुतापेक्षा माणसाने केलेले कृत्य अधिक भिववते. भोर-वेल्ह्यात तर अशा अपराधभावाला विषय शोधावा लागत नाही. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर या धरणांच्या पाण्याखाली शेते, घरे आणि देवळे गेली, आणि ते पाणी खाली दूरवरच्या पिकांना व शहरांना मिळाले. हे मनात आणणाऱ्या दिग्दर्शकाला पांढऱ्या साडीतल्या बाईची गरज उरत नाही.

भय सुखावह कसे होते, याचे सर्वांत सूक्ष्म उत्तर दहाव्या-अकराव्या शतकातल्या अभिनवगुप्ताने दिले. त्यासाठी त्याने कालिदासाच्या शाकुंतलातला, दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन पळणारा हरिण निवडला. मान वळवून मागे पाहणारा तो हरिण रसिकाला दिसतो, पण ते भय अमुक हरणाचे, अमुक जागेचे, अमुक वेळेचे असे उरत नाही. ते माझे नाही, शत्रूचे नाही, मित्राचेही नाही. व्यक्तीपासून सुटलेले हे भय रसिकाला पळून जायला लावत नाही, ते त्याला गुंतवून ठेवते. वेदान्तातला दोरीवरचा साप इथे ताडून पाहण्यासारखा आहे. साप खोटा असतो, पण अंगावर आलेला काटा खरा असतो. दिवा आणला की दोरी दिसते आणि भय जाते. नाट्यात क्रम उलटा आहे. दिवा आधीच लागलेला असतो, समोर दोरीच आहे हे प्रेक्षक जाणतो, आणि तरीही शहारतो. भ्रम आणि रस यांतला फरक या आधी लावलेल्या दिव्यात आहे. भोंदूगिरी आणि कला यांतला फरकही तोच.

हा दिवा रंगभूमीवर कोण लावतो, हे नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात येते. देवांनी असुरांना जिंकल्याचा पहिला प्रयोग सुरू झाला तेव्हा चिडलेल्या विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवली. इंद्राने ध्वजदंडाने, म्हणजे जर्जराने, त्यांना झोडपले. मग नाट्यगृह बांधून कोपऱ्याकोपऱ्यांत देवता बसवल्या गेल्या. पण कथेचा गाभा पुढे आहे. ब्रह्मदेव विघ्नांची समजूत काढतो: नाट्य कोणा एकाच्या बाजूचे नसते, ते तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकरण असते. खेळाआधी रंगपूजा होते ती या कराराची आठवण म्हणून. चित्रीकरणाच्या मुहूर्ताला आजही नारळ फुटतो. दिग्दर्शक नास्तिक असला तर त्याने तो फोडणे ढोंग ठरते का? गावच्या देवळापुढे, गुरवाला आणि चार जाणत्यांना बोलावून फोडलेला नारळ देवापेक्षाही गावाला काही सांगतो: इथे रात्री जे दिसेल, ऐकू येईल, तो खेळ आहे. एवढा अर्थ मनापासून मानणाऱ्याच्या हातून तो फोडला गेला, तर त्यात खोटेपणा नाही.

खरी अडचण खेळ संपल्यावर येते. एका दृश्यासाठी तिठ्यावर उतारा मांडला असे समजा: सुपात भात, त्यावर गुलाल-हळद, टाचण्या टोचलेले लिंबू, काळी बाहुली, एक विझलेली पणती. पहाटे चार वाजता दमलेली मंडळी दिवे, तारा, जनरेटर गाडीत भरतात. सूप तिथेच राहते. चमूच्या लेखी ती दहा रुपयांची वस्तू आहे. सकाळी दूध घालायला निघालेल्या माणसाला मात्र तो उतारा आहे, कारण त्याच्याभोवती आता ना कॅमेरा आहे ना दिवा. दुपारपर्यंत कोणी केला, कोणावर केला, याची कुजबुज सुरू होते आणि बोट बहुधा एकट्या, म्हाताऱ्या, बोलायला फटकळ अशा एखाद्या बाईकडे वळते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये राज्यात आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, भुताखेतांना आवाहन करण्याची धमकी देऊन भय पसरवणे आणि कोणावर करणीचा आळ घेऊन त्याचे जगणे कठीण करणे, या गोष्टी गुन्हा ठरवल्या आहेत. लघुपट करणारे यात बसत नाहीत; त्यांचा तसा हेतू नसतो. पण विसरलेले सूप हेतू सांगत नाही. घाटरस्त्याच्या वळणावर रात्री उभी केलेली, केस मोकळे सोडलेली नटीही समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला हेतू सांगत नाही.

याचा अर्थ गावकरी भोळे असतात असा नाही. तुकोबा आणि एकनाथ या दोघांनीही विठ्ठलालाच झडपणारे भूत म्हटले आहे, आणि त्या रचना भजनात म्हणणाऱ्या माणसाला रूपक कळते. त्याला खेळ आधी सांगितलेला मात्र हवा.

उरतो बिनपगारी चमू. सॅम रायमीने 1978 मध्ये मित्रांना जमवून ‘विदिन द वुड्स’ हा छोटा भयपट केला आणि तो दाखवून ‘द ईव्हिल डेड’साठी पैसे उभे केले; मित्रांच्या जिवावर भयपट काढण्याची ही रीत जगभर आहे. पैसे घेणारा कामगार नकार देऊ शकतो, कारण व्यवहार उघड असतो. मैत्रीखातर आलेला भिडेपोटी गप्प बसतो. स्मशानात आडवे व्हायला, हातात कुंकू लावलेले लिंबू धरायला, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून अंधारात धावायला त्याला मनातून नको असते. ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’च्या (1999) नटांना दिवसेंदिवस खाणे कमी देऊन आणि रात्री हुसकावून खरी घबराट टिपली गेली. चित्रपट गाजला, तरी भरताच्या दृष्टीने ही पद्धत कच्चीच म्हणावी लागेल. थरथरणारे हातपाय, फुटलेला आवाज, पांढरा पडलेला चेहरा हे भयाचे अनुभाव त्याने नटाला अभिनयाने साधायला सांगितले आहेत. नटाला खरोखर भिववले की पडद्यावर येते ते एका माणसाचे लौकिक भय; अभिनवगुप्ताचा हरिण तिथे पुन्हा नुसते घाबरलेले जनावर होतो. म्हणून श्रद्धेपायी किंवा जिवाच्या काळजीने ‘हे मला नको’ म्हणणाऱ्या सोबत्यासाठी प्रसंग बदलायचा असतो, आणि तो जागेवर बदलता येईल इतकी पटकथा लवचीक ठेवणे हे लेखकाचे काम आहे.