चतुर्थीचा बाजार आणि गळ्यातला ऐवज

गणेश चतुर्थीसाठी चाकरमानी गावी उतरू लागले, की मुंबई-गोवा महामार्गावरील आपल्या तळेरे तिठ्यावर, माटवीसाठी कवंडळे, सुपाऱ्या नि आंब्याचे टाळ घेऊन परतणाऱ्यांच्या गर्दीत, एक हात एस. टी.च्या दांडीला आणि दुसरा मुलाच्या मनगटाला गुंतलेला असताना, गळ्यातल्या मंगळसूत्राकडे माउलीचे लक्ष राहत नाही. चोराला तेवढा क्षण पुरतो. यात तिची कसूर ती कोणती? सणाला दागिना ल्यावा, ही हौस रास्तच आहे. मागच्याने क्षणभर थांबून तिला आधी सुखरूप चढू द्यावे. तरीही ऐवज गेलाच, तर लाजेने गप्प न बसता ११२ क्रमांकावर तत्काळ वर्दी द्यावी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ अन्वये असे हिसकावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि फिर्याद जितकी लांबते तितका मुद्देमालाचा माग पुसट होतो.