भरलेली बंदूक घरात आणू नये

पनवेल, 4 डिसेंबर

चि. बाळास,


परवा फोनवर तू म्हणालास, “मामा, यंदा बर्फात शिकारीला जातोय.” कॅमेऱ्याची शिकार म्हणतोयस हे कळेपर्यंत माझा चहा निवला. फोनवर सांगितलेलं तू ‘हो हो’ म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून कागदावर लिहितोय. हे पत्र गाडीच्या खणात ठेव.

अलास्कातल्या कॅरिबू हरणांच्या शिकाऱ्यांचा तू पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. तिथला डाल्टन हायवे 666 किलोमीटरचा, आणि त्यात एका ठिकाणी सलग 386 किलोमीटर ना पंप ना टपरी. त्या लोकांची हत्यारं मला फारशी दिसलीच नाहीत. दिसल्या त्या दोन-दोन स्टेपन्या, डिझेलचे कॅन आणि रात्रभर इंजिन गरम ठेवायला लावलेली विजेची वायर. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैलांच्या आत शिकारीला बंदूक चालत नाही, फक्त धनुष्यबाण. आपल्याकडे तर वन्यजीव कायद्यानं तो विषयच संपवला. तेव्हा त्यांची शिकार सोड, तयारी तेवढी उचल.

आधी वाट. हिमबिबट्या बघायला तुला स्पितीतल्या किब्बरला जायचंय. फोनचा नकाशा कदाचित मनालीवरून जवळचा रस्ता दाखवेल आणि कुणीतरी सांगेल की आता अटल बोगदा झालाय. बोगदा 2020 मध्ये झाला हे खरं, पण तो तुला लाहौलमध्ये सोडतो. पुढे स्पितीच्या वाटेवर कुंझुम खिंड आहे, ती हिवाळाभर बर्फाखाली बंद. तुझी वाट शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा हीच. पनवेल ते चंदीगड सोळाशे किलोमीटरच्या वर, आणि शिमल्यापासून काझा सव्वाचारशेच्या आसपास. पहिले सोळाशे तू तीन दिवसांत उरकशील. त्याच हिशोबानं पुढचे सव्वाचारशे एका दिवसात बसवू नकोस.

कारण पुढचा हिशोब उंचीचा आहे. किब्बर समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वर आहे आणि तू वाढलायस खाडीकाठी. पिओजवळच्या कल्पाला एक मुक्काम, नाकोला एक-दोन, मग काझा, आणि त्यानंतरच किब्बर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज सरासरी पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नको. डोकं दुखलं तर त्या दिवशी वर चढायचं नाही. उलट्या सुरू झाल्या किंवा चालताना झोक जायला लागला तर तसंच खाली उतरायचं, मध्यरात्र असली तरी. गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचार, मित्राला नको. दारू तिथं मुळीच नको.

आता गाडी. डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत ते साकळतं, फिल्टर तुंबतो आणि सकाळी गाडी उठत नाही. इंडियन ऑइलनं 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल काढलं, यावरून काय ते समज. मैदानात भरलेलं डिझेल डोंगरापर्यंत संपव, वर जाऊन तिथलं भर, आणि तिथले ड्रायव्हर त्यात काय टाकतात ते विचार. मात्र कुणी रॉकेल म्हणालं तर मान डोलाव आणि पुढे चल. माझ्या जुन्या ट्रकला ते पचायचं, तुझ्या बीएस-6 गाडीच्या इंजेक्टरला पचणार नाही. गाडीत युरियाची टाकी असेल तर ते पाणी उणे 11 ला गोठतं, टाकी काठोकाठ भरू नकोस. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं करून घे. आपल्या गॅरेजवाल्यांना नुसतं पाणी ओतायची सवय असते, म्हणून समोर उभा राहा. काच धुवायच्या डबीतलं साधं पाणीही काढून टाक. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर नवी घे, कारण कडाक्याच्या थंडीत चांगल्या बॅटरीचाही जोर निम्म्यावर येतो. रात्री हँडब्रेक ओढू नकोस, तो गोठून धरून बसतो. गिअरमध्ये टाक, चाकाला दगड लाव आणि वायपर उभे करून झोप.

चाकांच्या साखळ्या इथूनच घे, आणि माझ्याकडे मुक्कामाला आलास की वडाळे तळ्याकाठी गाडी लावून त्या हातमोजे घालून चढव. लोक हसतील, हसू देत. उणे वीसमध्ये पहिल्यांदा पाकीट फोडणारा माणूस रडतो. साखळी इंजिनानं फिरणाऱ्या चाकांना लागते. पुढची की मागची, ते आजच बघून ठेव.

आता माझी एक चूक. कळंबोलीतून लोखंड भरून जम्मूला निघालो होतो, पुढे काश्मीरचा माल मिळाला म्हणून बनिहालच्या रस्त्याला लागलो. बर्फ पडला, रस्ता बंद, ट्रकांची रांग लागली. दुसऱ्या रात्री क्लीनर कुडकुडायला लागला म्हणून मी कोळशाची शेगडी केबिनमध्ये घेतली आणि काचा गच्च लावल्या. छान ऊब आली, झोप तर त्याहून छान. मागच्या गाडीचा ड्रायव्हर बिडी पेटवायला आगकाडी मागायला आला. दार वाजवलं, उघडेना, म्हणून त्यानं ते ओढलंच. मला बाहेर बर्फावर ओकताना जाग आली. क्लीनर तासाभरानं बोलला. कोळशाच्या त्या विषारी वायूला वास नसतो रे, नुसती झोप येते. स्पितीत खोलीत बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, असेल. झोपण्याआधी ती विझवायची आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची. इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही. एवढं एकच ऐकलंस तरी पत्राचं चीज झालं.

कपड्यांचं तुझी आई बघेल. मी एवढंच म्हणतो, अंगाशी सुती बनियन नको. घाम त्यात मुरतो आणि मग तोच थंड पडतो. लोकर घाल. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेव. बाहेरून खोलीत येताना कॅमेरा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांध आणि तासभर उघडू नकोस, नाहीतर भिंगावर पावसाळा उतरेल.

सावजाबद्दल थोडं. 2024 च्या सरकारी अहवालानुसार देशभरात 718 हिमबिबटे आहेत, त्यातले 477 लडाखमध्ये. म्हणजे तुला दिसायलाच हवा असा करार त्याच्याशी झालेला नाही. किब्बरच्या लोकांनी भरलांसाठी, म्हणजे निळ्या मेंढ्यांसाठी, आपल्या कुरणाचा एक भाग स्वतःची गुरं न चारता सोडला. भरल टिकले तर बिबट्या टिकतो. तेव्हा गावातला माणूस वाटाड्या घे, त्याच्या दुर्बिणीवर विश्वास ठेव, तो बस म्हणाला की बस. ड्रोन, हुसकावणं, आमिष यातलं काही नको. आपल्याकडे पूर्वी हाके घालायचे, ते दिवस गेले ते बरंच झालं.

रस्त्याचा माझा नियम एकच आहे. सकाळी पिओच्या स्टँडवर चौकशी कर. हिमाचलच्या एसटीची, म्हणजे एचआरटीसीची, काझा बस सुटली नसेल तर आपणही सुटायचं नाही. सीमा रस्ते संघटनेचे, म्हणजे बीआरओचे, लोक बर्फ काढेपर्यंत चहा प्यायचा. ऑफिसला परतीची तारीख सांगताना चार दिवस पदरचे धर. घाई करणारे पुढे जातात, आणि बहुधा त्यांनाच ओढून काढावं लागतं.

शेवटी तुझ्या आजोबांची गोष्ट. कर्नाळ्याच्या पायथ्याला आपली भातशेती होती आणि पिकाच्या राखणीला घरात ठासणीची बंदूक. डुकरं आली तर बार काढायचा, पण बहुतेक रात्री ती येतच नसत. पहाटे आजोबा परतायचे ते थेट ओटीवर येत नसत. अंगणात पाटावर बसायचे, गजाच्या टोकाला वळवलेला आकडा नळीत घालून आधी बोळा काढायचे, मग छरे, मग दारू. छरे डबीत, दारू उन्हात कागदावर. मी विचारलं, “एक बार हवेत काढला तर?” म्हणाले, “न दिसलेल्या डुकरावर कोण दारू जाळतं? आणि भरलेली बंदूक घरात आणू नये.” बार कसा काढतात ते गावात सगळ्यांना येत होतं. न काढलेला बार उतरवायला आजोबांना यायचं.

तू दहा दिवस दुर्बीण लावून बसशील आणि कदाचित फक्त भरल बघून येशील. तेव्हा तीच बंदूक आठव. चिडून शेवटच्या दिवशी बंद रस्त्यावर गाडी घालू नकोस. खाली ये, माझ्या अंगणात साखळ्या धू, वाळव, तेल लाव आणि गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेव. पुढच्या वर्षी लागतील.

पोहोचल्याचा फोन कर, नेटवर्क मिळेल तेव्हा.

तुझा,
मामा