दोन आशा

कोपरला एकाच नावाचं स्टेशन दोन मजल्यांवर आहे. खालून कल्याण-मुंबईच्या लोकल धावतात, वरून दिवा-वसईची लाइन जाते. जिना चढून वर आलं की पाटीवर पुन्हा ‘कोपर’च. खाली गाड्यांना खंड नाही. वर मात्र एक मेमू चुकली की वेळच वेळ. माझं बरंचसं वाचन या वरच्या फलाटावर झालं आहे. खालच्या गर्दीत पुस्तक धरायचं म्हणजे आधी स्वतःचं कोपर सोडवून घ्यावं लागतं.

आशा मिरोचं ‘डॉटर ऑफ द गँजीस’ मी इथेच वाचून संपवलं. मूळ पुस्तक कातालान भाषेतलं, 2003 सालचं. दुसरं पुढच्याच वर्षी आलं आणि इंग्रजीत दोन्ही एका बांधणीत मिळतात. लेखिका बार्सिलोनाची, संगीत शिकवणारी. जन्म मात्र 1967 चा, आपल्या नाशिक जिल्ह्यातला. सिन्नर तालुक्यातलं शहा हे तिचं गाव. आई तान्हेपणीच गेली. गरीब शेतकरी बापाला लेकीचं करणं झेपेना, म्हणून त्याने तिला नाशिकला सिस्टरांच्या हवाली केलं. तिथून ती मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये आली आणि 1974 च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाला गेली. सात वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस राहिले होते. मिरो दांपत्याने खरं तर जुळ्या मुली घ्यायचं ठरवलं होतं. त्यातली एक दगावली, आणि त्या जागी ही गेली. एवढ्याशा गोष्टीवर एक अख्खं आयुष्य उभं राहिलं.

पुस्तकाच्या नावात गंगा आहे. युरोपातल्या वाचकाला त्यावरून काशीचे घाट दिसत असतील. नाशिककराला ते नाव समजावून सांगावं लागत नाही. तिथे गोदावरीला सरळ गंगा म्हणतात. बाजाराला निघालेली बाईसुद्धा ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणते. ज्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिलंच नव्हतं, त्या आपल्यालाच त्याचं नाव बरोबर वाचता येतं, याची मला गंमत वाटली. मग जरा वाईटही वाटलं. कारण लिहिणारीला मराठी येत नाही. जवळजवळ सात वर्षांच्या पोरीला मराठीत काय येत नाही? हट्ट येतो, भांडण येतं, खोटं बोलता येतं, लपाछपीत दहा-वीस-तीस मोजता येतं. ते सगळं नव्या घरात, नव्या शाळेत पुसलं गेलं. कुणी पुसायला बसलं नव्हतं; वापर थांबला, एवढंच.

1995 मध्ये ती पहिल्यांदा परत आली, एका संस्थेची स्वयंसेवक म्हणून, मुंबईत. नाशिकलाही गेली. सिस्टरांकडून जे कळलं त्यावर पहिलं पुस्तक झालं. आपल्या आगेमागे कुणी आहे, हे तोवर तिला ठाऊकच नव्हतं. पुढच्या खेपेला ती थेट गावाकडे गेली, तेव्हा कळलं की थोरली बहीण आहे. बहिणीचं नाव आशा. आणि हिचं जन्माचं नाव उषा! बापाने लेक सोपवताना नावांची अदलाबदल केली होती. जाणारीला राहणारीचं नाव दिलं.

आशा आणि उषा ही नावं मराठी कानाला बहिणींचीच वाटतात, मंगेशकरांच्या घरामुळे. पण बापाने असं का केलं असावं? मी बराच वेळ त्यावरच अडकून बसलो. परक्या घरी निघालेल्या मुलीच्या पदरात दुसरं काही घालता येत नाही, तर निदान ‘आशा’ तरी घालावी, असं वाटलं असेल का? की सिस्टरांनी विचारलं तेव्हा तोंडातून जे आलं ते आलं? दुसरा तर्क कमी सुंदर आहे. मला तोच खरा वाटतो, आणि तरी पहिला सोडवत नाही.

दत्तक हा शब्द आपल्याकडे जुना आहे, पण त्यात गुप्तता नव्हती. याच नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये, बारा वर्षांचा असताना, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. नाव बदललं, पण कुणाचा कोण हे सगळ्या मुलखाला माहीत होतं. भाऊही बडोद्याला आले. त्यातल्या संपतरावांच्या ग्रंथसंग्रहाची आठवण बडोदा अजून ठेवून आहे. तिथे दत्तक म्हणजे चारचौघांसमोर, मंत्र म्हणून, भाऊबंदांच्या साक्षीने दिलेलं मूल. शहाच्या मुलीच्या वेळी साक्षीला उरली फक्त कागदपत्रं. गरिबाच्या घरातून मूल जातं तेव्हा मंत्रांची जागा फॉर्म घेतो.

आणि तो फॉर्म कपाटात बंद असतो. पुण्यात 1973 मध्ये जन्मलेले आणि तान्हेपणीच जर्मनीत गेलेले अरुण डोहले यांना स्वतःची फाइल बघायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडावं लागलं. आई भेटायला 2010 साल उजाडलं. फाइल म्हणजे कोपराला लावलेला गूळ: दिसतो, आपल्याच अंगावर असतो, जीभ पोचत नाही. उलट लिसा स्थळेकर. पुण्याच्या ‘श्रीवत्स’ या अनाथालयातून तीन आठवड्यांची असताना स्थळेकरांच्या घरी गेली आणि पुढे ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळली. तिनेही आत्मचरित्र लिहिलं आहे. श्रीवत्सला ती आवर्जून जाऊन आली; आई-बापाचा माग काढण्याचा ध्यास मात्र तिने घेतला नाही. त्यामुळे दत्तक गेलेल्या प्रत्येकाला मुळांची ओढ असतेच, असलं काही मी ठामपणे म्हणणार नाही. काहींना असते. ज्यांना असते त्यांचं ऐकलं पाहिजे, एवढंच.

आता नियम बरेच सरळ झालेत. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला ‘रूट सर्च’साठी स्वतः अर्ज करता येतो. मूल देणाऱ्या आई-बापाला फेरविचाराला साठ दिवस मिळतात. जन्मदात्यांनी ओळख उघड करू नये असं सांगितलेलं असेल तर त्यांची गोपनीयता पाळली जाते. एकट्या बाईने अडचणीत दिलेलं मूल असेल, तर तिच्या आजच्या संसाराचा विचार करायला हवाच. हा नियम मला पटतो. पण त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे: त्रयस्थाला शोध घेता येत नाही. थोरली आशा या हिशेबात त्रयस्थच ठरते. एका आईच्या पोटची, एका बापाच्या हातची, आपलं नाव जिच्याबरोबर गेलं तिची सख्खी बहीण. तिला बार्सिलोनातल्या मुलीचा पत्ता मागायचा हक्क नाही. शोधायचं ते गेलेलीने. राहिलेलीने वाट बघायची, तीसुद्धा वाट बघण्यासारखं काही आहे असं ठाऊक असेल तर.

आठवणींची पुस्तकंही गेलेल्याच लिहितात. मिरोच्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव मराठीत ‘चंद्राच्या दोन बाजू’ असं होईल. ते वाचताना मी सारखा दुसऱ्या बाजूकडे बघत होतो. दोन बहिणी समोरासमोर बसल्या तेव्हा मध्ये दुभाष्या होता. थोरलीचं मराठी त्याच्या तोंडून परभाषेत गेलं, तिथून कातालानमध्ये, मग इंग्रजीत आणि शेवटी इथे कोपरला, माझ्या डोक्यात पुन्हा मराठीत. मूळ वाक्य काय होतं? ‘बाई, किती वाळलीस’ असं काही? सिन्नरकडची बाई म्हणेल ते. पुस्तकात थोरलीचं बोलणं फार नीटनेटकं आलं आहे. कुणाच्याही तोंडी शोभेल इतकं.

खालून मुंबईकडे पंचवटी एक्स्प्रेस गेली, न थांबता. पन्नासेक वर्षांपूर्वी एका लहान मुलीला नाशिकहून रेल्वेने मुंबईला नेलं असेल, तर याच वाटेने. तेव्हा इथे स्टेशनही नव्हतं. खिडकीशी बसली असली तर तिला खाजण दिसलं असेल, बगळे दिसले असतील, आणि ते तिने मराठीतच कुणाला तरी सांगितलं असेल.