शेजाराची हद्द

शेजारी कोण, असे कुणी विचारले तर आपण चटकन उत्तर देतो : जवळ राहतो तो. पण दिवाळीत घरोघर फिरणाऱ्या फराळाच्या ताटांकडे पाहिले की हे उत्तर अपुरे वाटू लागते. ताट तीन जिने आनंदाने चढते, रस्ता मात्र सहसा ओलांडत नाही.

मुंबईतील दादरचेच पाहा. रेल्वेच्या पूर्वेला हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी आहेत. झाडांच्या सावलीतले रुंद रस्ते, आखीव बागा. तेथून दक्षिणेला थोडे चालत गेले की नायगाव लागते. तिथल्या बी.डी.डी. चाळींत एका कुटुंबाला खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. “समानशीलांनी एकत्र राहावे हा सृष्टीचाच नियम,” असे काही जण म्हणतात. पण या वस्त्या सृष्टीने वसवल्या नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. चाळी सरकारी खात्याने १९२० नंतर कामगारांसाठी बांधल्या. रेषा माणसाने ओढली, तेव्हा तिचा जाबही माणसानेच द्यायला हवा.

म्हणून चाळीला पुण्यभूमी ठरवणेही भाबडेपणाचे होईल. १९७४ साली वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दलित आणि सवर्ण रहिवाशांत दंगल पेटली. भिंतीला भिंत लागून होती, मनाला मन लागले नव्हते. इकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीतून १९३०च्या दशकात हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त राहायला आले. हद्द ओलांडता येते, हे खरे. पण अलौकिक विद्वत्ता ही ज्या वेशीवरची जकात, ती वेस सर्वांना खुली आहे असे कसे म्हणावे? आज चाळींच्या जागी मनोरे उठत आहेत, रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. हा न्यायच आहे. तरी चौरस फूट वाढले म्हणजे शेजार वाढतो असे नाही.

आपल्या घरी पोळ्या लाटणारी, धुणीभांडी करणारी बाई बहुधा रेषेपलीकडून येते. वर्षानुवर्षे ती आपल्याकडे येते. आपण तिच्याकडे कितीदा गेलो? दिवाळीला आपण तिला साडी देतो, फराळ बांधून देतो आणि मनाशी समाधान पावतो. हे औदार्य खोटे नव्हे. पण दान एकाच दिशेने वाहते. शेजाराची रीत निराळी आहे : आलेले ताट रिकामे परत पाठवायचे नसते, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालायची असते. त्या साखरेत ‘तुम्ही-आम्ही बरोबरीचे’ एवढे सारे सांगितलेले असते.

देणे सोपे आहे; त्यात आपला हात वर राहतो. ज्याच्या घरचा लाडू आपण त्याच्याच ओट्यावर बसून, चवीने आणि निःसंकोचपणे खातो, तेथवरच आपल्या शेजाराची हद्द पोहोचते. यंदा ती एक रस्ता तरी पुढे सरकावी.