सतरा सप्टेंबरनंतर : परकीय माहितीपट आणि पक्षपाताचा आरोप

१

एखाद्या राष्ट्राच्या सैन्याने केलेल्या कारवाईवर परदेशी संस्थेने माहितीपट प्रसिद्ध केला, की त्या राष्ट्रात बहुधा पहिली प्रतिक्रिया उमटते ती पक्षपाताच्या आरोपाची. सांगितलेले खरे की खोटे हा प्रश्न मागे पडतो. सांगणारा कोण, त्याला सांगण्याचा अधिकार काय, त्याचा हेतू काय, हे प्रश्न पुढे येतात. ही प्रतिक्रिया निव्वळ भावनिक म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. ज्या समाजाने परकीय सत्तेखाली पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, त्याला आपले चित्र दुसऱ्याच्या हातून रंगविले जाणे म्हणजे काय याचा अनुभव असतो. एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) या ग्रंथाने त्या अनुभवाला सैद्धांतिक भाषा दिली; परंतु अनुभव त्याआधीचा होता. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाची भारतावरील माहितीपटमालिका बीबीसीने दाखविल्यानंतर १९७० साली भारत सरकारने त्या संस्थेचे दिल्लीतील कार्यालय बंद करावयास लावले आणि १९७२ पर्यंत ते बंद राहिले, ही घटना सर्वश्रुत आहे.

मात्र आरोपाला इतिहास आहे म्हणून तो प्रत्येक वेळी सार्थ ठरतो असे नाही. पक्षपात म्हणजे नेमके काय, तो संहितेत कोठे वसतो, आणि तो दाखवून दिल्याने नेमके काय सिद्ध होते, हे तीन प्रश्न वेगळे करून पाहिले पाहिजेत. त्यासाठी मराठी अभ्यासकाला दूर जाण्याचे कारण नाही. १९४८ साली हैदराबाद संस्थानात झालेली भारतीय सैन्याची कारवाई आणि तिच्यावर २०१३ साली बीबीसीच्या रेडिओ ४ वाहिनीने प्रसारित केलेला माहितीपर कार्यक्रम हे उदाहरण या विवेचनाला पुरेसे आहे.

२

परभणी-परळी लोहमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ नावाचे स्थानक आहे. परभणी तालुक्यातील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे मराठवाड्यात परिचित आहे. १९४८ मध्ये हे गाव, उरलेल्या मराठवाड्याप्रमाणेच, निजामाच्या राज्यात होते. संस्थानच्या सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठीभाषक होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. त्याआधीच्या दोन-अडीच वर्षांत कासीम रझवीच्या रझाकार संघटनेने खेडोपाडी जी दहशत बसविली, तिची आठवण या भागात अद्याप पुसलेली नाही. १९४६ मध्ये बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे मारले गेले. ऑगस्ट १९४८ मध्ये ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाखान यांची हैदराबाद शहरात हत्या झाली. संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे ते लिहीत होते. हे दुसरे नाव विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण त्या संघर्षाची मांडणी केवळ दोन धर्मांच्या भाषेत करता येत नाही याचा तो पुरावा आहे.

कारवाईनंतर संस्थानात मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्याच्या वार्ता दिल्लीस पोचल्या आणि पंतप्रधान नेहरूंच्या पुढाकाराने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे मंडळ चौकशीसाठी धाडण्यात आले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात या मंडळाने नऊ जिल्ह्यांचा दौरा केला. सात जिल्ह्यांची मुख्य ठाणी, २१ शहरे आणि २३ महत्त्वाची खेडी पाहिली, आणि ज्या १०९ गावांना जाता आले नाही तेथील पाचशेहून अधिक लोकांच्या जबान्या घेतल्या. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली, असा मंडळाचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक म्हणजे १८ हजारांहून कमी नाही अशी, तर औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत किमान पाच हजार अशी मनुष्यहानी झाल्याचे अहवाल सांगतो. काही ठिकाणी सैनिकांनी जमावाला लुटीस उत्तेजन दिले, स्वतः हत्येत भाग घेतला, असेही तो नोंदवितो. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही.

३

या अहवालाच्या आधारे माइक थॉमसन यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये बीबीसीच्या ‘डॉक्युमेंट’ या मालिकेत कार्यक्रम सादर केला व त्यासोबत एक लेखही प्रसिद्ध झाला. त्या लेखाच्या शीर्षकात ‘भारताचे लपविलेले हत्याकांड’ या आशयाचे शब्द होते. पक्षपाताची शंका येथूनच सुरू होते आणि ती अगदीच निराधार नाही.

पहिले म्हणजे ‘लपविलेले’ हे विशेषण. ते सरकारी दप्तरापुरते खरे आहे. पण विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५० मध्येच या विषयावर लेख लिहिला होता आणि ए. जी. नूरानी यांनी २००१ मध्ये ‘फ्रंटलाइन’मधून अहवालाचे दीर्घ उतारे छापले होते. ज्या गावांत हे घडले त्या गावांपासून तर ते कधीच लपलेले नव्हते. शोध लावल्याचा आविर्भाव हा परकीय माहितीपटाचा जुना अलंकार आहे. स्थानिकाला जे ठाऊक असते त्याला ज्ञानाचा दर्जा मिळतो तो निवेदकाने ते उच्चारल्यानंतरच.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. रझाकारांच्या दहशतीचा उल्लेख त्या लेखात आहे. परंतु तो येतो नेहरूंना हवे असलेले निमित्त मिळाले अशा अर्थाने. ‘कारण’ आणि ‘निमित्त’ या दोन शब्दांत नैतिक अंतर मोठे आहे. घर जळालेल्या माणसाचे दुःख कोणाच्या तरी राजकारणाचे निमित्त म्हणून नोंदविले, की त्या दुःखाचे स्वतंत्र मूल्य संपते. मराठवाड्यातील वाचक दुखावतो तो येथे, आणि त्याचे दुखावणे समर्थनीय आहे.

तिसरी बाब मात्र आरोपाच्या विरुद्ध जाते. अनेक ठिकाणी भारतीय सैन्य चांगले वागले व त्याने मुसलमानांना संरक्षण दिले, असे अहवालात म्हटले आहे; आणि हे विधान बीबीसीच्या लेखातही आहे. ते वगळलेले नाही. फक्त ते आरोपांच्या मालिकेनंतर ‘तथापि’चा आधार घेऊन येते. म्हणजे ज्याला पक्षपात म्हणावयाचे तो वगळण्यात नसून क्रमात, स्वरात आणि एका शब्दाच्या निवडीत आहे. तो शैलीचा दोष आहे, तपशिलाचा नव्हे. समीक्षकाने तो अवश्य दाखवावा. पण तो दाखविल्याने २७ ते ४० हजार हा अंदाज एका माणसानेही कमी होत नाही.

४

या टप्प्यावर ‘परकीय’ या शब्दाची छाननी करणे भाग आहे. माहितीपटाचा निवेदक परकीय असेल. त्याचा पुरावा परकीय नाही. पंडित सुंदरलाल यांच्या ‘भारत में अंग्रेज़ी राज’ (१९२९) या ग्रंथावर ब्रिटिश सरकारने बंदी घातली होती. ज्याच्या लेखनाला साम्राज्याने आक्षेपार्ह ठरविले, त्याच माणसाचा अहवाल स्वतंत्र भारताने दप्तरात ठेवला. काझी अब्दुल गफ्फार हे हैदराबादेतून ‘पयाम’ हे उर्दू दैनिक काढणारे लेखक-संपादक होते. या दोघांच्या साक्षीला ‘बाहेरची’ म्हणता येणार नाही. तेव्हा परकीयाच्या पक्षपाताविषयी बोलताना त्याच्या हातातील स्वकीय कागदाविषयी मौन पाळणे, हाही एक पक्षपातच होय.

हेडन व्हाइट यांनी इतिहासलेखनातील कथानकरचनेचे जे विवेचन केले, त्याचा येथे उपयोग होतो. एकाच घटनेला किती नावे आहेत हे पाहावे. लष्करासाठी ती ‘ऑपरेशन पोलो’ होती, शासनाने तिला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले आणि खेड्यांत आजही तोच शब्द चालतो, मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात ती ‘मुक्तिसंग्रामा’ची सांगता आहे, उर्दूत ती ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचा पाडाव, आहे, आणि बीबीसीसाठी ती हत्याकांडाची नांदी आहे. प्रत्येक नावात एक कथानक दडलेले असते आणि प्रत्येक कथानकाला स्वतःचा आरंभ व शेवट असतो.

स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी, अनंत भालेराव यांचा लढ्याचा इतिहास आणि त्या परंपरेतील बहुतेक मराठी लेखन यांचा कथाव्यूह अत्याचार, प्रतिकार आणि मुक्ती असा आहे. त्याचा स्वाभाविक शेवट १७ सप्टेंबरला होतो. परकीय माहितीपटाचा खरा आरंभ त्याच तारखेला होतो. त्याआधीचे सर्व त्याच्या दृष्टीने प्रास्ताविक. एकाची सांगता तीच दुसऱ्याची सुरुवात. त्यामुळे दोन्ही कथने आपापल्या परीने खरी असूनही एकमेकांना खोटी वाटतात. सुंदरलाल मंडळाचा दौरा मराठी कथानक संपल्यानंतर दहा आठवड्यांनी सुरू होतो. त्याला त्या कथानकात जागाच उरलेली नाही. पक्षपात शोधावयाचा तर तो या छेदबिंदूत शोधावा लागेल, आणि तेथे दोन्ही बाजू सारख्याच जबाबदार ठरतात.

पोखर्णीच्या दैवताची कथा याबाबतीत उद्बोधक आहे. हिरण्यकशिपूचा वध घरात नाही आणि बाहेर नाही, अशा उंबरठ्यावर झाला, हा भाग सर्वांच्या स्मरणात असतो. पण भागवतातील कथा वधाशी थांबत नाही. वधानंतर नृसिंहाचा क्रोध शमत नाही. देव जवळ जाण्यास धजत नाहीत. अखेर ज्याच्यासाठी अवतार झाला तो प्रल्हादच पुढे होतो. वर मागण्याची वेळ येते तेव्हा तो आपला छळ करणाऱ्या पित्याच्या शुद्धीसाठी याचना करतो. वध न्याय्य होता याबद्दल कथेला शंका नाही. तरीही वधानंतरच्या क्रोधाचे काय, हा प्रश्न ती स्वतंत्रपणे विचारते आणि तो सोडविण्याचे काम रक्षिलेल्यावर सोपविते. कारवाईची न्याय्यता आणि कारवाईनंतरच्या हिंसेची जबाबदारी हे दोन प्रश्न आहेत, हा विवेक मराठवाड्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही.

५

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. सैन्य ही राष्ट्राच्या रक्षणाची संस्था आहे. तिच्या दोषांचा उच्चार, विशेषतः परकीय व्यासपीठावर, तिच्या प्रतिष्ठेला धक्का लावतो. म्हणून असे कथन समूळ नाकारणे हेच निष्ठेचे लक्षण. हा युक्तिवाद त्याच्याच कसोटीवर टिकत नाही. ज्या तुकड्यांनी मुसलमानांना वाचविले त्यांची नोंद त्याच अहवालात आहे. ज्या हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंना जिवावर उदार होऊन वाचविले त्यांचीही नोंद तेथेच आहे. अहवाल पक्षपाती म्हणून फेकून दिला तर दोषी सैनिकाबरोबर कर्तव्यदक्ष सैनिकाचीही साक्ष नष्ट होते. शिस्त पाळणारा आणि शिस्त मोडणारा यांतील भेद पुसून टाकणाऱ्या स्तुतीने कोणत्याही सैन्याचा गौरव होत नाही; तो भेद राखणाऱ्या नोंदीने होतो.

याच न्यायाने परकीय कथनाच्या सरसकटपणालाही उत्तर देता येते. ‘हैदराबाद’ या एका शब्दाखाली सोळा जिल्हे एकजिनसी होतात. अहवालात मात्र जिल्ह्याजिल्ह्यांत फरक आहे. सर्वाधिक हानीच्या वरील आठ जिल्ह्यांच्या नामावळीत परभणी नाही. नाव नाही म्हणून तेथे काहीच घडले नाही असे मानणे जितके चूक, तितकेच सर्वत्र सारखेच घडले असे सुचविणेही चूक. परभणी, गंगाखेड, पोखर्णी यांच्या पातळीवरचा इतिहास लंडनचा निवेदक लिहू शकणार नाही. त्यासाठी मराठी, उर्दू, तेलुगू आणि कन्नड या चारही भाषांतील साक्षी वाचाव्या लागतील.

तेव्हा पक्षपाताचा आरोप निरर्थक नाही. पण तो अपुरा आहे. दुसऱ्याच्या कथनातील क्रम, स्वर आणि शब्द यांवर बोट ठेवण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, ज्याने तेच तपशील अधिक न्याय्य क्रमाने स्वतःच्या भाषेत मांडले आहेत. ज्या समाजाने आपले कथन १७ सप्टेंबरला थांबविले, त्याच्या वतीने पुढच्या तीन महिन्यांची गोष्ट कोणीतरी दुसराच सांगणार, आणि ती त्याच्या स्वरात सांगणार. त्याविषयी तक्रार करता येईल, पण आश्चर्य वाटावयास नको. कारवाईच्या वेळी जे पंधरा वर्षांचे होते त्यांनी आज नव्वदी ओलांडली आहे. रझाकारांनी जाळलेल्या घरातील मुलगा आणि त्यानंतर विहिरीत लपून वाचलेला मुलगा, हे दोघेही एकाच मराठी संहितेत साक्षीदार म्हणून उभे राहतील असे लेखन होण्यास फार थोडा अवधी उरला आहे. ते झाले नाही, तर परकीय माहितीपटाचा दोष दाखविणारी समीक्षा अचूक असूनही तिच्यापाशी त्याच्या जागी ठेवण्यासारखे काही असणार नाही.