डावीकडून तिसरा कोण?

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा. आज धडा नाही.

टेबलावर हे सव्वीस फोटो आहेत, रात्री मी एकेक बघून काढलाय. ‘जुनी मुंबई’ प्रदर्शनासाठी तुम्हाला आठ दिवस दिले होते. फोटो कुठला, कधीचा आणि कोणाकडून आणला, एवढंच खाली लिहायला सांगितलं होतं. सव्वीसपैकी एकाही फोटोखाली हे तिन्ही नाही. ‘गेले ते दिवस’ मात्र नऊ जणांनी लिहिलंय. कुठले दिवस? कोणाचे? नववीत आलात, घरचा इतिहास हातात धरून आलात आणि त्याच्याकडे धड बघितलंसुद्धा नाहीत. मला राग त्याचा आलाय.

दुसऱ्या बाकावर कडेला बसलेला, उभा राहा. हा ट्रामचा फोटो तुझा. खाली तुझ्याच अक्षरात ‘१८९० ची मुंबई’. साल कुठून आणलंस? मोबाइलवर तसंच आलं होतं? आलं, आणि तू पुढे पाठवलंस. आता इथे माझ्याजवळ ये आणि नीट बघ. ट्रामला घोडे दिसतात का? नाही. वर काय आहे? तार. मुंबईत ९ मे १८७४ ला ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. विजेवरची आली ७ मे १९०७ ला. आणि तुझी ही ट्राम दुमजली आहे, म्हणजे १९२० च्या आधीची असूच शकत नाही. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा त्यानंतरचीही नाही. साल नक्की कळत नसेल तर ‘१९२० ते १९६४ च्या दरम्यान’ असं लिहावं. त्यात कमीपणा नाही. तीस वर्षांची थाप ठोकून देण्यात आहे. तुझा फोटो आणखी दोनशे जणांनी पुढे पाठवला असेल, तर दोनशे घरांत ती थाप गेली. ती परत कशी आणणार आहेस?

आणि हा रिकाम्या रस्त्याचा. ‘तेव्हा मुंबईत गर्दीच नव्हती, किती शांत शहर होतं.’ ज्या कोणी हे लिहिलंय तिने ऐकावं. १८७२ च्या जनगणनेत मुंबईत साडेसहा लाखांच्या आसपास माणसं मोजली गेली. मग ती गेली कुठे? त्या काळी काच कॅमेऱ्यात बसवून भिंग काही सेकंद उघडं ठेवावं लागे. इमारत हलत नाही, ती उमटते. चालणारा माणूस उमटत नाही, किंवा धुरकट डाग होऊन राहतो. हा बघ, दुकानाच्या पायरीशी डाग आहे. तू तो ‘खराब झालेला भाग’ म्हणून पुसायला निघाली होतीस ना? तो हमाल असेल, भिस्ती असेल, तुझ्याएवढी मुलगी असेल. ती जिवंत होती आणि घाईत होती, एवढाच तिचा दोष. शिवाय १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीला आला आणि त्या हिवाळ्यात माणसं लाखांनी शहर सोडून गेली. त्या महिन्यांतला रिकामा रस्ता म्हणजे शांतता नव्हे. म्हणून साल लागतं. साल नसेल तर तुम्ही भीतीला सुख म्हणाल, आणि तुम्ही तेच केलंय.

खिडकीजवळची, तू. पणजीचा फोटो आणलास, छान केलंस. पण तो रंगवायला कोणी सांगितला? मोबाइलमध्ये टाकलास आणि त्याने लुगडं हिरवंगार करून दिलं. तुझी पणजी इथे डोक्यावरून पदर घेऊन बसलीय, कपाळ मोकळं, हातात एक बांगडी नाही. ती सोवळी विधवा आहे. तिच्या अंगावर आलवण आहे, आणि आलवण लाल असे. जुन्या काचांना लाल रंग दिसत नसे, तो काळा उमटायचा, म्हणून मूळ फोटोत ते इतकं गडद आहे. यंत्राला ते ठाऊक असायचं कारण नाही. पण तुझ्या घरात ठाऊक असणारी माणसं आहेत. त्या बाईने उभं आयुष्य ज्या रंगात काढलं, जो तिने मागितला नव्हता, तो तू एका बोटाने पुसलास. मूळ फोटो उद्या घेऊन ये. भिंतीवर तोच लागेल.

आता हा. हा बघताना रात्री माझी झोप गेली.

लालबागचा मुलगा कुठाय? बस, बसूनच ऐक. तुझे आजोबा गिरणीच्या फाटकाशी उभे आहेत. पांढरा सदरा, लेंगा, काखेत डबा. कडा इतक्या सफाईने कापल्यास की फोटोत आजोबांशिवाय कोणी उरलं नाही. पण त्यांच्या उजव्या खांद्यावर एक हात आहे. बोटं दिसतायत बघ, चार. करंगळीत अंगठी आहे. हा हात कोणाचा? कापायच्या आधी तिथे माणसं होती. किती होती? सहा? आणि मागच्या फाटकावर गिरणीचं नाव होतं की नव्हतं? तेही गेलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर उभे राहिले. त्या माणसांचा पुतळा कोणी उभारणार नाही. सोबत काम केलं, सोबत डबा खाल्ला, याची खूण म्हणजे हा पोस्टकार्डाएवढा कागद. आणि तू त्यांना कडेचा पसारा समजून काढून टाकलंस.

हे मी चिडून सांगतेय, कारण मला याची किंमत ठाऊक आहे. माझ्या आईच्या ट्रंकेत मंगळागौरीचा एक फोटो निघाला. चाळीच्या गॅलरीत अकरा जणी. चौघींना मी ओळखते. उरलेल्या सात जणींची नावं आईला पाठ होती, आणि ती असताना मी एकदाही विचारलं नाही. आता विचारायला चाळीतलं कोणी उरलेलं नाही. त्या सात बायका माझ्या कपाटात आहेत, बिननावाच्या.

भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी जड पेट्या आणि रसायनं घेऊन मुंबईतल्या माणसांचे फोटो काढत होते. ही १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली त्याच सुमाराची गोष्ट. त्यांना एका फोटोमागे किती खटाटोप करावा लागत असेल याचा विचार करा. तुम्हाला मागची बाजू उलटून बघण्याचेसुद्धा कष्ट नकोत. सव्वीसपैकी मागच्या बाजूचा फोटो कोणी काढला? कोणीच नाही. स्टुडिओचा शिक्का तिथे असतो. तारीख तिथे असते. एखादी आजी ‘बाळ चौदा महिन्यांचं’ म्हणून तिथेच लिहून ठेवते.

आणि एकाने मागे लिहिलंय, तेही बॉलपेनने, दाबून. पुढून बघा, आत्याच्या गालावर अक्षरांचे वळ उठलेत. मऊ शिसपेन्सिल वापरायची, कडेला, हलक्या हाताने. अल्बमच्या काळ्या पानाला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, पानासकट आणायचा. मोबाइलवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. नाहीतर तो लहान होत जातो आणि दुकानाच्या पाटीवरची अक्षरं आधी मरतात. ज्याचा फोटो आहे त्याला विचारल्याशिवाय तर मुळीच पाठवायचा नाही. नळावर पाणी भरणाऱ्या बायकांचा हा फोटो ज्याने आणलाय, त्याने त्यातल्या एकीला तरी विचारलंय का? त्यातल्या दोघी अजून त्याच चाळीत राहतात म्हणालास ना? मग आज संध्याकाळी जा. नको म्हणाल्या तर फोटो भिंतीवर लागणार नाही, आणि मी त्याचे मार्क कापणार नाही.

प्रदर्शन सोमवारी होतं. ते आता पुढच्या सोमवारी. मुख्याध्यापकांना मी सांगितलंय. भिंत रिकामी राहिली तरी चालेल, खोटी पाटी लागणार नाही.

लालबाग, तू थांब. कापलेला तुकडा टाकून तर नाही ना दिलास? मूळ फोटो आजीकडेच आहे? आणि आजीची नजर? एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण माणसं ओळखते. ठीक. मधल्या सुट्टीत ऑफिसात ये, माझ्या फोनवरून तिला फोन लाव. घाई करू नकोस, तिला आठवू दे, ती दुसरंच काही सांगायला लागली तर तेही लिहून घे. डावीकडून सुरुवात कर. आणि खांद्यावर हात कोणाचा, ते आधी विचार.